सांगलीचे नाटक आणि सांगलीची माणसे

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आम्ही बेळगावकर मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. विष्णुदास भावे यांच्या तसबिरीला हार घातला जातो, १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ झाले असे सांगितले जाते आणि वक्ते पुढच्या विषयाकडे वळतात. ते नाटक उभे करणारी माणसे कोण होती, हे विचारायचे राहूनच जाते.

बीज कानडी मुलखातले, हे आम्ही सीमाभागातल्या मराठी मंडळींनी तरी मोकळ्या मनाने मान्य करावे. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी, असे काही आपल्या भाषेत करावे, अशी आज्ञा भाव्यांना केली. भाव्यांचे वडील संस्थानच्याच चाकरीत होते. कर्कीकरांना बिदागी देऊन ठेवून घेणे श्रीमंतांना सोपे होते. त्यांनी आपल्याच गावातली व दरबारातली माणसे हाताशी दिली. हुकमाने फाईल हलते, राक्षसाची आरोळी निघत नाही, हे आम्ही आयुष्यभराच्या सरकारी नोकरीनंतर खात्रीने सांगू शकतो! तेव्हा त्या माणसांना हौसही असलीच पाहिजे.

आणि त्यांचे काम नुसत्या पाठांतराचे नव्हते. आख्यानाची पदे भावे रचीत व सूत्रधार ती गाई. विदूषक येई, गणपती-सरस्वतीचे आगमन होई आणि मग कथा सुरू होई. परंतु पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. प्रसंग समजून घ्यायचा आणि रामाने, सीतेने, रावणाने आपापले बोलणे उभ्या जागी रचायचे. स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. पुढच्या काळात या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हसले गेले. राक्षसांच्या आरडाओरड्यापुरते ते हसणे रास्त असेलही. पण आपले संवाद आपणच घडवणारे नट आमच्या हौशी स्पर्धांतून किती सापडतील?

१८५१ साली श्रीमंत निवर्तले, राजाश्रय संपला. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. गावाचे नाटक धंद्याचे झाले ते तेव्हापासून.

भाव्यांची पदे पुढे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली गेली. सांगलीकरांनी उभ्या जागी रचलेली ती भाषणे मात्र त्या पुस्तकात नाहीत.