तारेवरचा पहारेकरी



वर्ध्याजवळच्या ७६५ किलोव्होल्टच्या उपकेंद्राकडे जाणाऱ्या तारा आपण रोज पाहतो. त्यांच्यावर आकाशातली वीज कोसळली, तर शेकडो किलोमीटर दूर ते कळते कसे? हे काम रिले नावाच्या पहारेकऱ्याचे.

१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. त्या काळचे रिले मुख्यतः प्रवाहाचा आकडा पाहत. तो प्रमाणाबाहेर गेला की तार तोडत. परंतु दूरचा फॉल्ट आणि जड भार यांचा प्रवाह कधी कधी सारखाच भरतो. म्हणून १९२० नंतरच्या दशकात अंतर ओळखणारा रिले आला. तो तारेच्या तोंडाशी दाब मोजतो, प्रवाह मोजतो आणि दाबाला प्रवाहाने भागतो. फॉल्ट जितका जवळ, तितका भागाकार लहान. तारेच्या पहिल्या सुमारे ८० टक्के लांबीत फॉल्ट दिसला, की तो तत्क्षणी ब्रेकर उघडवतो. त्यापलीकडचा असला तर थोडा थांबतो. सर्वांत लांबचा पहारा तिसऱ्या टप्प्याचा; पुढच्या तारेवरचा रिले चुकला तरच त्याने हात घालायचा.

गोम येथेच आहे. भार फार वाढला की प्रवाह चढतो, दाब उतरतो, भागाकार लहान होतो आणि रिलेला दूरवर फॉल्ट असल्याचा भास होतो. ३० जुलै २०१२ रोजी रात्री अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर तार अशीच तुटली. तिची जोडतार कामासाठी बंद होती आणि उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. तारेवर फॉल्ट नव्हताच! तरी सारा उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तीच तार पुन्हा तुटली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. आपला पश्चिम विभाग बचावला. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या ईशान्येत सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले, तेही नायगाराजवळच्या एका रिलेची मर्यादा फार खाली लावल्यामुळे.

कामगारांत वावरताना मी एक पाहिले आहे : अपघात झाला, की खटक्यावर ज्याचा हात होता त्याचेच नाव प्रथम निघते. रिलेचेही तसेच. त्याने दिलेला हुकूम पाळला. हुकूम देणारी, भार वाढवणारी आणि जोडतार बंद ठेवणारी माणसेच होती. म्हणून अंधार पडला, की तार कोणी तोडली एवढेच विचारून थांबू नका. मर्यादा कोणी ठरवली, हेही विचारा.