खान्देशातील वणवे : कारणे, परिणाम आणि प्रतिबंध

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वनांना दर उन्हाळ्यात वणव्यांचा धोका असतो. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्यांचा हंगाम मानतो. पावसाचा थेंब नसताना आणि कोरड्या विजांचाही संभव क्वचितच असताना या काळात वने पेटतात. याचा अर्थ, येथील बहुतेक वणवे मानवनिर्मित असतात आणि म्हणूनच ते टाळता येण्यासारखे आहेत.

शुष्क पानझडी वने

सातपुड्यातील यावल अभयारण्य (१९६९), शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (१९८६) आणि चाळीसगावजवळील पाटणादेवीचा परिसर ही या भागातील प्रमुख वनक्षेत्रे होत. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, मोह हे येथील मुख्य वृक्ष. हिवाळा सरताच सागाच्या रुंद पानांचा थर जमिनीवर साचतो आणि पुरुषभर वाढलेले गवत वाळते. रोशा गवतात तर सुगंधी तेलही असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की या पाचोळ्यास एक ठिणगी पुरते. आग सहसा जमिनीलगत पसरते. मात्र चढावर ज्वाळा वरचे गवत आधीच तापवीत असल्याने तिचा वेग वाढतो.

ठिणगी कोठून येते?

मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी, गुरांना नवे गवत मिळावे किंवा अतिक्रमणासाठी जमीन मोकळी व्हावी म्हणूनही आग लावली जाते. शेताच्या बांधावर पेटविलेली पऱ्हाटी, फेकलेले बिडीचे थोटूक आणि सहलीस आलेल्यांनी न विझविलेली चूल ही अन्य कारणे. हेतू लहान असतो. वाऱ्याने आग मात्र डोंगर ओलांडते.

हानी केवळ वनाची नव्हे

मोठे वृक्ष बहुधा तगतात. परंतु रोपटी, बिया, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि सरपटणारे प्राणी नष्ट होतात. दरवर्षी जळणाऱ्या वनात नवी झाडे उभीच राहत नाहीत. पाचोळ्याचे आच्छादन गेल्यावर पहिल्याच पावसात माती वाहून जाते आणि पाणी मुरण्याऐवजी पळते. सातपुड्याच्या पायथ्याचा गाळ-गोट्यांचा पट्टा हा यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतील भूजलाच्या पुनर्भरणाचा मुख्य मार्ग आहे. केळीच्या बागा याच भूजलावर उभ्या आहेत. डोंगर जळाल्याची झळ अशा रीतीने विहिरींपर्यंत पोहोचते.

प्रतिबंधाचे उपाय

वणव्याविरुद्धची खरी लढाई हिवाळ्यातच लढावी लागते. हंगामापूर्वी ठरावीक पट्ट्यांतील गवत कापून व जाळून जाळरेषा तयार करतात. इंधनच न उरल्याने आग तेथे अडते. रस्त्यांच्या कडा स्वच्छ करणे आणि हंगामी अग्निरक्षक नेमणे ही कामेही तेव्हाच करावी लागतात. आग लागल्यावर हिरव्या फांद्यांनी झोडपणे किंवा ब्लोअरने पाचोळा बाजूस सारणे हेच मुख्य मार्ग उरतात, कारण चढणीवर पाण्याचे बंब पोहोचत नाहीत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीची सूचना भ्रमणध्वनीवर पाठविते. त्यातील एका उपग्रह उपकरणाची सूक्ष्मता ३७५ मीटर आहे. तथापि, सूचना मिळाल्यावर डोंगर चढणारी माणसेच आग विझवितात.

साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने यासंदर्भात वाट दाखविली आहे. १९९०च्या दशकापासून तेथील ग्रामस्थांनी वृक्षतोडीवर बंदी घालून सुमारे ४०० हेक्टर वनाची राखण स्वतःकडे घेतली. या कार्याचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वन ज्यांना आपले वाटते, त्यांनाच धूर सर्वप्रथम दिसतो आणि तेच सर्वप्रथम धावतात.

कायदा आणि नागरिक

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० अभयारण्यात आग लावण्यास मनाई करते. वनात हक्क वा परवाना असणाऱ्यांवर आगीची खबर देण्याचे व ती विझविण्यास साह्य करण्याचे बंधन १९२७ च्या अधिनियमातील कलम ७९ घालते. पाल, मनुदेवी किंवा पाटणादेवीस जाणाऱ्या पर्यटकांनी वनात चूल पेटवू नये, धूम्रपान टाळावे आणि धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.