हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की नाशिक रोडच्या बँकांसमोर सकाळपासून म्हातारी माणसं जमू लागतात. डोक्याला कानटोपी, हातात पिशवी, पिशवीत पासबुक आणि आधार कार्ड. कशाला आलात विचारलं की सांगतात, "जिवंत आहे म्हणून सांगायला." हे वाक्य मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ऐकते आहे. माझे सासरे छापखान्यात होते, नंतर मीही करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा तपासायच्या कामाला लागले. आता ज्येष्ठ नागरिक संघात बसून लोकांचे फॉर्म भरून देते.

आमच्या गावाला पेन्शनरांचं गाव केलं ते या छापखान्यांनी. हिंदुस्थानची टपाल तिकिटं पूर्वी लंडनला डी ला रू कंपनीत छापली जात. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला. तेव्हा नाशिक रोड म्हणजे नाशिकपासून काही कोस दूर असलेलं रेल्वे स्टेशन आणि भोवतीची वस्ती. छापखान्यांमुळे सरकारी पगार आला, नेहरूनगरच्या चाळी-क्वार्टर्स आल्या, आणि एका पिढीनंतर सरकारी पेन्शन आली. रेल्वेचे, तोफखान्याचे, गांधीनगरच्या सरकारी मुद्रणालयाचे निवृत्त लोक त्यात मिसळले.

पेन्शन सरकारी म्हटल्यावर तपासणीही सरकारी. इंग्रजांच्या काळापासून नियम असा की पेन्शनराने कोषागारात स्वतः हजर व्हायचं. आजारी असेल, किंवा चारचौघांत न येणारी बाई असेल, तर जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचा हयातीचा दाखला चाले. कागदावर उंची लिहिलेली असे, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कुणी पैसे उचलेल, ही धास्ती त्यामागे होती. याच धास्तीपायी १८७७ साली बंगालात हुगळीला विल्यम हर्शेल नावाच्या मॅजिस्ट्रेटने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखायची जी पद्धत पुढे जगभर पसरली, तिच्या आरंभी गुन्हेगारांच्या बरोबरीने आमच्यासारखे पेन्शन घेणारेही होते, हे मला फार बोचतं.

पुढे पेन्शन बँकेत जमा होऊ लागली आणि दाखलाही बँकेत आला. मॅनेजरसमोर उभं राहायचं, सही करायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं: घरबसल्या किंवा जवळच्या केंद्रात यंत्रावर बोट ठेवा, झालं. म्हणजे हर्शेलचंच बोट, फक्त शाईशिवाय. पण म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. माझ्या सासूबाई कुटुंब निवृत्तिवेतनावर होत्या. एका केंद्रात त्यांची दहाही बोटं यंत्राने नाकारली. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, मी नाहीच का आता?" तिथल्या मुलाने बोटं ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायला लावली. तेही जमलं नाही, शेवटी बँकेतून कागदी दाखला घेतला. २०१९ पासून ऐंशी वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येऊ लागला, २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. या दोन्ही सुधारणांनी लोकांचे हाल खरोखर कमी झाले आहेत, हे मी टेबलामागे बसून पाहते.

पण प्रश्न तोच राहिला: आहात की नाही? कसे आहात, हे विचारणं सरकारच्या वहीत फार उशिरा आलं. राष्ट्रीय नमुना पाहणीने वृद्धांची स्वतंत्र माहिती पहिल्यांदा १९८६-८७ मध्ये गोळा केली. त्याच्या बऱ्याच आधी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात सिडनी कॅट्झ या डॉक्टरने १९६३ मध्ये सहा गोष्टी ठरवल्या होत्या: अंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. यांतलं कोण किती स्वतःच्या स्वतः करतं, ते मोजायचं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी बाजार, फोन, औषधं, पैशाचा हिशेब, स्वयंपाक, कपडे धुणं अशी कामं मोजायला घेतली. त्यांच्या मोजणीत बायकांना आठ गुण आणि पुरुषांना पाचच, कारण स्वयंपाक, घरकाम आणि धुणं पुरुषांना विचारायचंच नाही. नेहरूनगरमध्येही कुणी वेगळं केलं नसतं. पण बायको गेल्यावर चहासुद्धा करता न येणारे निवृत्त कारागीर मी पाहिलेत. त्यांचं परावलंबन त्या पाच गुणांत कुठे दिसणार?

आपल्याकडची अशी सर्वांत मोठी पाहणी २०१७-१८ ची. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती केली, पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जण त्यात घेतले. अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. घरी जाऊन हाताची पकड यंत्राने मोजली, चार मीटर चालायला किती वेळ लागतो ते पाहिलं, दहा शब्द ऐकवून किती लक्षात राहिले ते विचारलं. मन उदास असतं का, आयुष्याबद्दल समाधान आहे का, हेही विचारलं. इतक्या आस्थेने म्हाताऱ्या माणसाला इतकं सगळं विचारलं जाणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

तरी आमच्या वस्तीला लागणारे प्रश्न त्या चार मीटरच्या पुढे आहेत. जेल रोडला राहणारे एक काका घरात खणखणीत चालतात, पण बिटको चौक एकट्याने ओलांडायचं त्यांनी सोडून दिलंय. त्यामुळे मित्रांकडे जाणं बंद, वाचनालय बंद. चालण्याच्या परीक्षेत ते पास होतील, आणि त्यांचं जग मात्र एका गल्लीएवढं झालेलं असेल. म्हणून माझा आग्रह आहे की लोक आपल्या पायांनी वर्षातून एकदा आपल्यापर्यंत येतातच, तर तेव्हाच त्यांना विचारावं. संघाच्या टेबलावर आम्ही एक वही ठेवतो. रस्ता एकट्याने ओलांडता का? औषध कोण आणून देतं? कालच्या दिवसात घराबाहेरच्या कुणाशी बोललात? उत्तर द्यायची सक्ती नाही, पण बहुतेक जण खुर्ची पुढे ओढून बसतात.

यंदा त्यात एक प्रश्न वाढवला आहे: एटीएम कार्ड कोणाकडे असतं? "मुलाकडे" असं उत्तर आलं की आम्ही फॉर्म बाजूला ठेवतो आणि सोबत आलेल्याला चहा आणायला पाठवतो.