लिनमो (चिनी सुलेखन)

लिनमो ही चिनी सुलेखनकला (शूफा) शिकण्याची पारंपरिक पद्धत आहे. 'मो' म्हणजे कित्ता पातळ कागदाखाली ठेवून त्यावरून गिरवणे आणि 'लिन' म्हणजे कित्ता समोर ठेवून पाहून लिहिणे. पूर्वसूरींच्या हस्ताक्षरांची वर्षानुवर्षे नक्कल करीत हात घडवणे हा या अभ्यासाचा गाभा होय. लिनमो केवळ नवशिक्यांपुरते मर्यादित नसून पारंगत सुलेखनकारही ते आयुष्यभर सोडत नाहीत. चिनी सुलेखनाचा समावेश युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

साहित्य

कुंचला, शाई, कागद आणि शाईचा दगड यांना 'अभ्यासिकेतील चार रत्ने' म्हणतात. पारंपरिक शाई कांडीच्या रूपात असते. पाइनचे लाकूड किंवा तेल जाळून धरलेली काजळी सरसात मळून ही कांडी तयार करतात. दगडावर थोडे पाणी घेऊन, सहाणेवर गंध उगाळावे तशी ती उगाळावी लागते. आता बाटलीतील तयार शाई सर्रास वापरली जाते, तरी उगाळण्यात जाणारा वेळ मन स्थिर करण्यासाठी आवश्यक मानणारे शिक्षक आहेत.

शेळीच्या केसांचा कुंचला मऊ असतो. तो शाई भरपूर धरतो, पण नवशिक्याच्या हाताला सहसा दाद देत नाही. 'लांगहाव' या कडक कुंचल्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'लांडग्याचे केस' असा असला, तरी प्रत्यक्षात ते वीझल या लहान प्राण्याच्या शेपटीचे केस असतात. आरंभी दोन्हींच्या मिश्रणाचा कुंचला सोयीचा पडतो. आनह्वै प्रांतातील प्रसिद्ध शुआन कागद छिंगथान वृक्षाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. तुरटीची प्रक्रिया न केलेल्या शुआन कागदावर शाई झपाट्याने पसरते. कुंचला क्षणभर रेंगाळला तरी डाग उमटतो आणि तो खोडता येत नाही. रोजच्या सरावाला म्हणूनच बांबूच्या लगद्याचा स्वस्त कागद किंवा जुनी वर्तमानपत्रे वापरतात.

आरंभीचे शिक्षण

कुंचला उभा धरतात. पाचही बोटांना त्यात काम असते आणि तळहात पोकळ राहतो. मोठी अक्षरे लिहिताना मनगट व कोपर दोन्ही अधांतरी ठेवावी लागतात. कुंचल्याचे टोक रेषेच्या मध्यातून चालवणे ('झोंगफेंग') हा पहिला मोठा धडा असून तो साधेपर्यंत रेषा चपटी व निर्जीव उमटते.

मुळाक्षरे नसलेल्या या लिपीत आरंभ रेषांपासून होतो. 'योंग' (शाश्वत) या एका अक्षरात बिंदू, आडवी, उभी, आकडा इत्यादी आठ मूलभूत रेषाप्रकार येतात, म्हणून ते अक्षर परंपरेने पहिल्या सरावाचे ठरले आहे. लहान मुले लाल रंगात छापलेल्या अक्षरांवर काळ्या शाईने गिरवतात. त्यानंतर आठ दिशांच्या रेषा आखलेल्या चौकटीत अक्षर कोठे बसते, कोणती रेषा मध्याच्या किती डावीकडे सुरू होते, हे पाहून लिहिले जाते. पुढची पायरी कित्ता मिटून स्मरणाने लिहिण्याची (बेइलिन) आणि शेवटची आकाराच्या तपशिलात न अडकता त्यातील भाव पकडण्याची (यिलिन). या शेवटच्या पायरीच्या नावाखाली कच्चेपणा झाकला जाण्याचा धोका असतोच.

प्रारंभी बहुधा 'काइशू' ही सुटी, सुस्पष्ट शैली घेतात. ओउयांग शुन (५५७–६४१), यान झेनचिंग (७०९–७८५), लियू गोंगच्युआन (७७८–८६५) आणि झाओ मंगफू (१२५४–१३२२) हे तिचे चार प्रमुख आदर्श. यांपैकी एक निवडून दीर्घकाळ त्याच्याशीच एकनिष्ठ राहावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

कित्त्यांचा प्रश्न

शतकानुशतके विद्यार्थ्यांपुढे होते ते मूळ हस्ताक्षर नव्हे, तर त्याची प्रत किंवा शिलालेखावरून कागदावर घेतलेला ठसा. वांग शीझी याने ३५३ साली आजच्या शाओशिंगजवळ लिहिलेली 'लानथिंग मंडपातील काव्यांची प्रस्तावना' ही २८ ओळींची, ३२४ अक्षरांची रचना 'शिंगशू' या अर्धप्रवाही शैलीचा सर्वोच्च नमुना मानली जाते. 'झी' हे अक्षर तिच्यात सुमारे वीस वेळा येते आणि दर वेळी निराळे वळण घेते. आख्यायिकेनुसार, मद्याच्या अंमलाखाली लिहिलेली ही प्रस्तावना नंतर स्वतः वांगलाही पुन्हा तशी उतरवता आली नाही. थांग सम्राट ताईझोंग याने (कारकीर्द ६२६–६४९) ती मिळवून तिच्या प्रती करवल्या आणि मूळ प्रत त्याच्यासोबत पुरली गेली, असे परंपरा सांगते. अक्षरांची बाह्यरेषा काढून आत शाई भरलेली, फेंग छंगसू याच्या नावाने ओळखली जाणारी प्रत बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. वांगच्या हातचे एकही अस्सल लेखन आज उपलब्ध नाही. 'सुलेखनाचा ऋषी' म्हणून गौरवलेल्या या कलावंताचे सारे शिष्यत्व अशा रीतीने नकलांवरच उभे आहे.

छिंग काळात या अवस्थेवर टीका झाली. प्रतींच्या प्रती होत अक्षरांतील जोम नाहीसा झाला, असे रुआन युआन (१७६४–१८४९) याचे प्रतिपादन होते. विद्यार्थ्यांनी उत्तरेकडील जुन्या शिलालेखांकडे वळावे, असे त्याने सुचवले. पुढे खांग यौवै यानेही हा विचार हिरिरीने मांडला. मात्र दगडावर अक्षर उतरते ते छिन्नीने, त्यामुळे कुंचल्याची गती आणि शाईची दाट-फिकट छटा ठशात हरवते. हा आक्षेप या पक्षाला पुरता खोडता आला नाही.

या वादात यान झेनचिंगच्या ७५८ सालच्या 'पुतण्याच्या शोकलेखाच्या मसुद्या'चे स्थान वेगळे आहे. आन लूशानच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला हा कच्चा खर्डा आहे. त्यात शब्द खोडलेले आहेत, शाई सुकत जाऊन अक्षरे कोरडी होतात आणि लेखणी पुन्हा बुडवली की गडद होतात. शिलालेखांतील भारदस्त काइशू लिहिणाऱ्या त्याच हाताचे हे मूळ लेखन तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. अभ्यासक हा मसुदाही खाडाखोडीसह गिरवतात.

सरावाच्या कथा

झियोंग हा वांगचा सातव्या पिढीतील वंशज भिक्षू होता. त्याने तीस वर्षांत 'सहस्राक्षरी'च्या आठशे प्रती लिहून मठांना वाटल्या आणि झिजलेले कुंचले पुरून त्यांची समाधी बांधली, असे सांगतात. आकड्यांना कथेचा रंग असला, तरी शिक्षक ही गोष्ट आजही सांगतात.

सद्यस्थिती

२०१३ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने शालेय सुलेखनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार प्राथमिक शाळेत तिसरीपासून कुंचल्याने लेखन शिकवणे अपेक्षित आहे. कळफलकावर उच्चार टंकून अक्षर निवडण्याच्या सवयीमुळे हाताने लिहिताना अक्षर न आठवणे ('थीबी वांगझी', म्हणजे लेखणी उचलताच अक्षर विसरणे) ही सार्वत्रिक तक्रार झाली आहे. बीजिंगसह अनेक शहरांच्या उद्यानांत सकाळी वृद्ध मंडळी लांब दांड्याला स्पंज लावून फरशीवर पाण्याने अक्षरे लिहिताना दिसतात. या प्रकाराला 'दीशू' म्हणतात. ऊन असल्यास ओळ संपण्यापूर्वीच पहिली अक्षरे वाळून जातात.