टाळी कधी वाजवायची?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच सरकारी नोकरीला लागलो होतो. पणजीत एका परदेशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि त्याचा एक पास फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन पडला. मी फोंड्याकडचा. कानावर संस्कार झाले ते देवळातल्या भजनांचे, जत्रेतल्या नाटकांचे आणि आकाशवाणीवर लागणाऱ्या नाट्यपदांचे. सिंफनी म्हणजे काय ते कॉलेजात कुठेतरी वाचले होते, ऐकली मात्र नव्हती. फुकटचा पास कशाला सोडा, म्हणून गेलो.

बीथोवनची पाचवी सिंफनी होती. पहिला भाग धाडधाड करीत असा काही संपला की माझे हात आपोआप वर गेले आणि मी कडकडून टाळी वाजवली. एकट्याने! पुढच्या दोन रांगांतली डोकी मागे वळली. एका बाईंनी ओठांवर बोट ठेवले. त्यानंतर काय वाजले ते मला आठवत नाही. आता संपले की अजून आहे, एवढाच हिशेब मी करीत राहिलो. शेवटी सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी आजूबाजूला चारदा बघून मग हात उचलले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सांगितले. सासष्टीतले कॅथलिक गृहस्थ. तरुणपणी गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "तुका बरें दिसलें न्हय? मागीर टाळयो मारल्यार चूक कितें?"

चूक काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. सवड मिळेल तसे वाचत गेलो आणि लक्षात आले की टाळीचा हा नियम काही अनादी नाही. ऐकणाऱ्याला आधी समजावून सांगण्याची जी पद्धत पाश्चात्त्य संगीतात रुजली, तिच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. तीच हकीकत आज सांगतो.

आधी मोझार्ट. १७७८ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये त्याची एक नवी सिंफनी वाजली. वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की पहिल्या भागात लोकांना हमखास आवडेल अशी एक जागा त्याने मुद्दाम घातली होती. ती आली आणि वाजवणे चालू असतानाच लोकांनी टाळ्यांचा गजर केला. शेवटच्या भागाची सुरुवात त्याने फक्त व्हायोलिनांवर, हळू आवाजात ठेवली. लोक एकमेकांना गप्प करू लागले, आणि मग सगळा वाद्यवृंद एकदम कोसळला तेव्हा पुन्हा टाळ्या. मोझार्टला राग आला का? छे! तो इतका खूश झाला की बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्ले आणि बोललेल्या नवसाप्रमाणे तेर्स म्हटला. म्हणजे मंगेशीच्या सभामंडपात एखाद्या समेला आपण 'वाहवा' म्हणतो, त्यापेक्षा हे फार वेगळे नव्हते. बीथोवनचेही तेच. १८१३ साली त्याची सातवी सिंफनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तेव्हा दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. आपल्या भाषेत 'वन्समोअर'!

त्या काळच्या श्रोत्याला कुणी काही समजावून सांगावे लागत नसे, कारण संगीत त्याच्याच काळाचे होते आणि त्याच्या ओळखीच्या घाटात होते. अडचण पुढे आली. संगीत लांब आणि गुंतागुंतीचे होऊ लागले, मेलेल्या संगीतकारांच्या रचना वारंवार वाजू लागल्या आणि घरी पियानो नसलेला, संगीत न शिकलेला माणूसही तिकीट काढून येऊ लागला. मग त्याला सांगायचे कोणी?

पहिला मार्ग म्हणजे रचनाकारानेच सांगणे. बीथोवनने आपल्या सहाव्या सिंफनीच्या भागांना खेड्यातल्या आठवणींची नावे दिली, पण हे चित्र नसून भावनेचा उच्चार आहे असेही बजावले. फ्रान्सचा बर्लिओझ पुढे गेला. ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसमध्ये त्याची 'सिंफनी फँतास्तिक' वाजली, तेव्हा श्रोत्यांच्या हातात एक छापील पत्रक होते. प्रेमात बुडालेला एक तरुण कलावंत अफू घेतो आणि त्याला काय काय स्वप्ने पडतात, ती सगळी कथा त्यात होती. गंमत म्हणजे पुढे खुद्द बर्लिओझनेच म्हटले, की सिंफनी स्वतंत्रपणे वाजवायची असेल तर पत्रक वाटले नाही तरी चालेल, पाच भागांची नावे पुरेत. सांगावे तर किती सांगावे, ही शंका तेव्हापासूनची आहे.

दुसरा मार्ग लंडनच्या जॉन एला याने काढला. हा व्हायोलिनवादक. १८४५ साली त्याने म्युझिकल युनियन नावाची संस्था काढली. वर्गणीदार बहुतेक बडे लोक. वादक सभागृहाच्या मधोमध बसत आणि श्रोते त्यांच्या भोवती. एला प्रत्येक कार्यक्रमाची माहिती छापून काढी, त्यात मुख्य सुरावटी स्वरलिपीत देई आणि हे पत्रक सभासदांना कार्यक्रमाच्या आधी घरपोच पाठवी, म्हणजे त्यांनी अभ्यास करून यावे. शांतता हाच संगीताचा खरा सन्मान, हे त्याचे ब्रीद. पत्रक आणि शांतता एकाच माणसाच्या हातून पुढे सरकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गंभीर बैठकीत गप्प राहून ऐकणे हळूहळू सभ्यपणाचे लक्षण ठरले, आणि दोन भागांच्या मध्ये टाळी न वाजवण्याची रीत विसाव्या शतकात पक्की झाली. पुढच्या रांगेतल्या त्या बाईंचे बोट एवढ्या लांबून आले होते!

माझा आवडता माणूस मात्र तिसरा, जॉर्ज ग्रोव्ह. हा संगीतकार नव्हे, स्थापत्य अभियंता. जमैका आणि बर्म्युडा बेटांवर त्याने लोखंडी दीपगृहे उभारली होती. पुढे तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा सेक्रेटरी झाला, म्हणजे फायली, पत्रव्यवहार आणि हिशेब. आमच्याच जातकुळीतला! ऑगस्ट मान्स हा संचालक दर शनिवारी दुपारी तिथे वाद्यवृंदाचे कार्यक्रम करी आणि साधी माणसे रेल्वेने ते ऐकायला येत. १८५६ मध्ये मोझार्टच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने ग्रोव्हने कार्यक्रमाची टिपणे लिहायला घेतली आणि जवळजवळ चाळीस वर्षे तो लिहीत राहिला. आपल्याला जे उमगले ते शेजाऱ्याला सांगावे, असा त्याचा सूर. इथे ओबो काय करतो ते ऐका, ही सुरावट मघाशी कुठे आली होती ते आठवा. नुसते लिहून तो थांबला नाही. १८६७ साली तो संगीतकार आर्थर सलिव्हनला घेऊन व्हिएन्नाला गेला आणि शूबर्टच्या 'रोझामुंडे'ची धूळ खात पडलेली हस्तलिखिते शोधून काढली. टिपणे लिहिण्याच्या या सवयीतूनच पुढे १८७९ ते १८८९ या काळात त्याचा प्रसिद्ध संगीतकोश चार खंडांत बाहेर पडला.

अर्थात सगळेच ग्रोव्ह नव्हते. पुष्कळ टिपणांत नुसती परिभाषा ठासून भरलेली असे. बर्नार्ड शॉ नाटककार म्हणून गाजण्यापूर्वी संगीतसमीक्षक होता. १८९३ मध्ये त्याने हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचे याच पद्धतीने व्याकरण मांडून दाखवले. कुठले पद आधी आले, कुठले उलटे फिरले, सगळे बिनचूक. पण हॅम्लेटला काय होते आहे त्याचा पत्ता नाही. एडिंबरोच्या डोनल्ड टोवीने यातून वाट काढली. १९१७ साली त्याने विद्यापीठात रीड वाद्यवृंद उभा केला आणि त्याच्या कार्यक्रमांसाठी स्वतःच टिपणे लिहिली. न शिकलेला पण मन लावून ऐकणारा श्रोता त्याच्या डोळ्यांसमोर असे. काहीही वाचले नाही तरी अशा श्रोत्याच्या कानाला जे जाणवते, तेच खरे. टिपणाने त्यालाच शब्द द्यायचे. १९३५ पासून ही टिपणे ग्रंथरूपाने निघाली आणि आजही वाचली जातात.

पुढे रेडिओ आला, टीव्ही आला. अमेरिकेत वॉल्टर डॅमरॉशने १९२८ ते १९४२ अशी चौदा वर्षे रेडिओवरून शाळकरी मुलांना संगीत समजावले. १८ जानेवारी १९५८ रोजी लेनर्ड बर्नस्टाइनने न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन मुलांसाठी पहिला दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. विषय होता संगीताचा अर्थ काय. त्याने रोसिनीची 'विल्यम टेल'ची सुरावट वाजवली. ती एका काऊबॉय मालिकेमुळे मुलांच्या तोंडपाठ होती. मुले ओरडली, घोडेस्वार! त्यावर त्याचे म्हणणे असे, की गोष्ट आपण चिकटवतो. संगीताचा अर्थ त्याच्या स्वरांतच असतो. ही मालिका १९७२ पर्यंत चालली.

आणि मग आली वादकाची मुलाखत. आता तर ती सर्रास दिसते. बर्लिन फिलहार्मोनिकने २००८-०९ च्या हंगामापासून आपले कार्यक्रम इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सोबत मुलाखतीही ठेवल्या. त्या घेणारे पुष्कळदा वाद्यवृंदातलेच वादक, हॉर्न वाजवणाऱ्या सारा विलिस त्यांतल्या एक. टिपण लिहिणारा रचना समजावतो. वादक मात्र सांगतो, की या ठिकाणी मला श्वास पुरत नाही, या जागेची मला अजून भीती वाटते. ऐकणाऱ्याला धीर येतो तो यामुळे.

आपल्याकडे हे नव्हते असे नाही. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहिले, ते वाचून कितीतरी मराठी माणसे ऐकायला शिकली. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. आपल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे ते शिकले आणि १९६१ साली त्यांचे 'घरंदाज गायकी' आले. तिकडे दीपगृहे बांधणारा, इकडे ताळेबंद तपासणारा! प्रेमाने ऐकणाऱ्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, हेच खरे.

आता पुन्हा माझ्या कथेकडे येतो. त्या फजितीनंतर पाच-सहा वर्षांनी तीच पाचवी सिंफनी पुन्हा पणजीत होती. मी जाणार नव्हतो. आमचे ते सहकारी तोवर निवृत्त झाले होते, त्यांनीच फोन केला. "यो," म्हणाले, "हांव सांगतां." कार्यक्रमाआधी सभागृहाबाहेर मांडवीच्या काठी उभे राहून त्यांनी दहा मिनिटे मला सांगितले. चार स्वरांचा तो ठोका सगळीकडे शोध. पहिल्या भागात मध्येच सगळे थांबतील आणि एकटा ओबो बोलेल, ते चुकवू नकोस. तिसरा भाग संपणारच नाही; पखवाजावर हळूच थाप पडावी तशी टिंपनी वाजत राहील आणि त्यातूनच चौथा उसळेल. "आणि मागे बघ. ट्रॉम्बोन घेतलेली तीन माणसे वीस-बावीस मिनिटे नुसती बसलेली असतील. ओठ थंड पडतात रे. मग एकदम पूर्ण जोर लावून वाजवायचे. ती पहिली फुंक साधली तर साधली."

मी त्या तिघांवरून नजर काढली नाही. तिसऱ्या भागात एकाने ओठांवरून जीभ फिरवली, दुसऱ्याने वाद्य मांडीवरून उचलले. आणि ते वाजले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शेजारी पाहिले तर आमचे बाब डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर पुढे-मागे सरकत होता.

परतताना मी विचारले, तुम्ही ही सिंफनी कधी वाजवली होती का? नाही म्हणाले. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रेंनी स्वर शिकवले, फेस्ताला आणि मयताला बँडमध्ये वाजवले. त्यांचे एक चुलते मात्र मुंबईला गेले, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. कोणकोणत्या गाण्यांत? ते हसले. "कोण विचारता?"

तो प्रश्न मला टाळीपेक्षा मोठा वाटतो. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात गोवेकर होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत तर शेकड्यांनी होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत राग आणि सिंफनी एकत्र आणण्याचा घाट घातला. त्यांचे नाव लोकांना ठाऊक झाले ते १९७७ च्या एका सिनेमागीतामुळे, कारण संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. बाकीच्यांची नावे तबकडीवर नाहीत. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन पुस्तक काढले ते २००८ साली, आणि नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरचे पुस्तक आले २०१२ मध्ये. तोवर किती जण गेले होते!

आमचे बाबही आता नाहीत. त्यांच्या चुलत्यांनी कुठल्या गाण्यांत ट्रॉम्बोन वाजवला ते आता कधीच कळणार नाही, कारण वेळेवर मी एवढेसुद्धा विचारले नाही, की घरी काही वही, काही फोटो आहे का.

तुमच्या वाड्यावर एखादे म्हातारे व्हायोलिन किंवा ट्रंपेट वाजवणारे असतील, तर एकदा जाऊन बसा. कुठे शिकलात, कुठे वाजवलेत, कुठली जागा कठीण जायची, एवढे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, कसेही. आणि कार्यक्रमाला गेलात आणि चुकीच्या जागी टाळी पडली, तर लाजू नका. मोझार्टला ती आवडली असती.