सवाई गुजराती

प्रवासवर्णने लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. पण प्रवासाबरोबर भाषाही बदलून त्या दुसऱ्या भाषेत पहिल्या पंक्तीचे पान मिळवणारा गृहस्थ मला एकच ठाऊक आहे. ते म्हणजे काकासाहेब कालेलकर.

जन्म १८८५ चा, साताऱ्याचा. घरची बोली मराठी. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात त्यांनी लेखणी चालवली. पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागले. सरकारी रोषामुळे ते १९१२ साली बंद पडले, तेव्हा स्वारीने सरळ हिमालयाची वाट धरली, तीही पायी! १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची गाठ पडली आणि साबरमती हेच घर झाले. तिथली गुजराती त्यांनी इतकी आपलीशी केली की, गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. म्हणजे अस्सल गुजरात्याहून पाव हिस्सा अधिकच!

हिमालयाची ती भटकंती त्यांनी गुजरातीतच सांगितली. 'नवजीवन' पत्रासाठी लिहिता लिहिता तुरुंग घडला, तेव्हा पाय बांधले गेले, डोळे नव्हेत. कोठडीच्या आसपासच्या मुंग्या, कावळे, खारी यांवर त्यांनी 'ओतराती दीवालो', म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, हे छोटेसे पुस्तक लिहिले. चार भिंतींतले हे प्रवासवर्णनच म्हणायचे.

"आपला माणूस, पण लिहिले दुसऱ्यांसाठी!" अशी हळहळ मराठी मंडळींत ऐकू येते. मला ती पटत नाही. १९३४ साली त्यांचे नद्यांवरचे 'लोकमाता' निघाले. साताऱ्याची कृष्णा आणि बेळगावकडची लहानशी मार्कंडी यांची माया त्यांनी गुजराती वाचकाला लावली. आपल्या नद्या परक्या अंगणात इतक्या प्रेमाने नेऊन सोडणाऱ्याने आपले काय नेले? लेक सासरी नांदली म्हणून माहेर का तुटते?

१९६५ साली 'जीवनव्यवस्था' या गुजराती पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९८१ साली काकासाहेब गेले.

आपला दिवाळीचा पाडवा म्हणजे गुजराती बांधवांचे नवे वर्ष. शेजारी कोणी गुजराती कुटुंब असेल, तर फराळाचे ताट घेऊन जा आणि कालेलकर वाचले आहेत का, एवढे विचारा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा चेहरा बहुधा उजळेल. आणि मग सांगा, की ते आमच्या साताऱ्याचे!