लेसर नेत्रशस्त्रक्रिया आणि अबिंदुकता

अबिंदुकता : डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर एका बिंदूत एकत्र न येण्याचा दृष्टिदोष. ॲस्टिग्मॅटिझम ही संज्ञा ‘बिंदू’ या अर्थाच्या ‘स्टिग्मा’ या ग्रीक शब्दाला नकारार्थी उपसर्ग लावून झाली आहे. चष्म्याच्या दुकानात याच दोषाला ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतात. दोष बहुधा पारपटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आकारात असतो. निर्दोष पारपटलाचा वाक वाटीच्या पाठीसारखा सगळीकडे जवळपास सारखा असतो. अबिंदुकतेत तो चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने जास्त व तिच्या काटकोनात कमी असतो. त्यामुळे जवळचे आणि दूरचे दोन्ही अंधुक दिसते, अक्षरांना सावली येते आणि रात्री दिव्यांना शेपट्या फुटल्यासारखे वाटते.

इतिहास : टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील या दोषाचे वर्णन प्रसिद्ध केले. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये आपल्या डोळ्यासाठी दंडगोलाकार भिंग घडवून घेतले. चष्म्याच्या चिठ्ठीतला ‘सिलिंडर’ तो हाच. लेसर उपचाराचा पाया १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत घातला गेला. मूळचे चेन्नईचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम यांनी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर ऊतीवर वापरून पाहिला. तेव्हा लगतचा भाग न भाजता अत्यंत पातळ थर उडवता येतो, असे दिसले. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकल यांनी १९८३ मध्ये हे तंत्र पारपटलाकडे वळवले.

पद्धती : पीआरकेमध्ये पारपटलाची वरची नाजूक त्वचा दूर करून लेसर देतात. लेसिकमध्ये सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीची झडप उचलून तिच्याखालच्या थराला लेसरने आकार देतात व झडप परत बसवतात. स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेसरने आतल्या आत भिंगाच्या आकाराचा तुकडा कापतात व तो बारीक छेदातून काढतात. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एक डायॉप्टर नंबर घालवण्यासाठी मध्यभागी सुमारे १२ मायक्रॉन ऊती खर्ची पडते. पारपटलाची मध्यातली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असल्याने मोठ्या नंबराला मर्यादा येते.

दिशेचे महत्त्व : साध्या ऱ्हस्वदृष्टीत किती ऊती काढायची एवढाच हिशेब असतो, अबिंदुकतेत कोणत्या दिशेने काढायची हेही तेवढेच महत्त्वाचे ठरते. चिठ्ठीवरचा ‘ॲक्सिस’ हा १ ते १८० अंशांतला आकडा ती दिशा सांगतो. उपचार दहा अंशांनी चुकला तर सिलिंडरची सुमारे एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. तीस अंशांनी चुकला तर नंबराचा आकडा पूर्वीएवढाच राहतो, फक्त दिशा बदलते. शिवाय माणूस बसलेला असताना डोळा जसा असतो, तसा आडवे झाल्यावर राहत नाही. तो काही अंशांनी फिरू शकतो. म्हणून रुग्णाला बसवूनच डोळ्यावर शाईची खूण करतात किंवा बुबुळाच्या नक्षीवरून यंत्र ही फिरकी ओळखते.

पूर्वतपासणी : वय १८ पूर्ण आणि नंबर सुमारे वर्षभर स्थिर असावा लागतो. तपासणीआधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवतात, कारण लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. पारपटलाचा नकाशा आणि जाडी पाहून केरॅटोकोनस नाही याची खात्री करतात. या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते व अबिंदुकता वेडीवाकडी वाढते. अशा डोळ्यावर लेसिक करणे धोक्याचे असते. नागपूरजवळच्या खेड्यांतील तीस वर्षांवरील लोकांच्या पाहणीत (२००९ मध्ये प्रसिद्ध) ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक वक्रता हा निकष धरून केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आढळले. डोळे सतत चोळण्याची सवय हा या विकारातील एक धोका मानला जातो.

नाशिकमधील संदर्भ : नाशिक शहरात हे उपचार खासगी नेत्ररुग्णालयांत होतात. राज्यातील नेत्रवैद्यकाच्या पदव्युत्तर पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही (स्थापना १९९८) येथेच आहे. शहराला सैनिकी शिक्षणाची परंपरा आहे : भोसला सैनिकी शाळा १९३७ पासूनची, तर तोफखान्याचे प्रशिक्षण देवळालीत चालते. त्यामुळे ‘लेसर करून चष्मा घालवला तर सैन्यात घेतील का’ हा प्रश्न येथे नेहमीचा. लष्करी अधिकारी भरतीच्या निकषांत शस्त्रक्रियेच्या वेळी वय वीसपेक्षा कमी नसणे, त्यानंतर बारा महिने उलटणे आणि पारपटलाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसणे अशा अटी असतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशाचे वय मात्र साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे बारावीतल्या मुलामुलींनी प्रबोधिनीसाठी घाईने लेसर करून घेण्यात अर्थ नाही.

परिणाम व मर्यादा : काही महिने डोळ्यांत कोरडेपणा व रात्री दिव्यांभोवती वलये जाणवू शकतात; थोडा सिलिंडर उरूही शकतो. मोतीबिंदू असल्यास पारपटलावर लेसर देण्याऐवजी टोरिक कृत्रिम भिंग बसवून अबिंदुकता घालवतात. लेसर पारपटलाचा वाक बदलतो, आतल्या भिंगाचा लवचीकपणा मात्र वयानुसार कमी होतच राहतो. त्यामुळे विशीत चष्मा सुटलेल्यांनाही पुढे वाचण्यासाठी चाळिशी लावावी लागते.